डावीकडून तिसरी

संग्रहालयात तिला सगळे काचताई म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुस्तकाच्या उपयोगाचं. टायपिस्ट म्हणून ती तीन महिन्यांच्या बदलीवर आली आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिली. तेव्हा संग्रहालय म्हणजे जुन्या पाणीपुरवठा कचेरीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. कपाटात मडकी, नाणी, दोन बोथट तलवारी आणि एक भलंमोठं कुलूप, ज्याची किल्ली कधीच सापडली नाही. ही बाई रोज संध्याकाळी टाइपरायटरची एकेक कळ कापडाने पुसते आणि मगच त्यावर झाकण घालते, हे तिथल्या पहिल्या साहेबांनी हेरलं. त्यांनी तिला जुने फोटो आणि कागद जपायचं शिकायला चार महिने मोठ्या शहरात धाडलं. परत आल्यावर तिने पुन्हा कधी टाइप केलं नाही. पुढे तो टाइपरायटरच प्रदर्शनात गेला, आणि सहलीला आलेली पोरं ‘याचा पडदा कुठाय’ असं विचारू लागली.

काचताई हे नाव पडलं ते काचेच्या निगेटिव्हांमुळे. शहरातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरचं दुकान त्याच्या नातवाने मोकळं केलं आणि बारा लाकडी खोकी संग्रहालयाच्या दारात आणून ठेवली. म्हातारा पक्का हट्टी. साऱ्या जगाने फिल्म धरली तरी हा काच सोडेना. चार हजारांवर काचा होत्या. काही दमटपणाने एकमेकींना चिकटलेल्या, काहींवर बुरशी, काही तडकलेल्या. कुठली काच कोणाची हे लिहिलेली वही वाळवीने इतकी चोख खाल्ली होती की हाती फक्त पुठ्ठे लागले. काचेच्या कोपऱ्यात म्हाताऱ्याने सुईने वर्ष कोरलेलं असे, तेवढाच काय तो पुरावा.

ती काच कडांनी धरायची, खिडकीच्या उजेडात तिरपी करायची. चकाकते ती बाजू नुसती काच, मंद दिसते ती चित्राची. काचेकडची बाजू जेमतेम ओल्या कापसाने पुसता येते. चित्राच्या बाजूला फक्त मऊ कुंचला आणि रबरी फुग्याची फुंकर. पाण्याचा एक थेंब चुकीच्या बाजूला गेला की माणूस पुसला गेला. मग डिंक न लावलेल्या चार घड्यांच्या पाकिटात ती काच घालायची, वर पेन्सिलने क्रमांक, आणि लांब कडेवर उभी करून डब्यात. दिवसाला चार काचा झाल्या तरी खूप. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे आणि केस पांढरे. अशी उलटी माणसं वाचायची तिला इतकी सवय झाली होती की आठवड्याच्या बाजारात भेटलेल्या भाजीवालीचीही ती मनात काच करून बघे.

घरी ती आणि तिची आत्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मागे एक चिंचोळी गॅलरी. ती चार वर्षांची असताना आई तापाने गेली, असं तिला लहानपणापासून सांगण्यात आलं होतं. वडील लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर कारकून, मितभाषी, तिच्या पंचविशीत वारले. वडिलांची ही धाकटी बहीण बिनलग्नाची राहिली आणि तिनेच भाचीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. काचबिंदूने डोळे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. ‘तुझी काच पाकिटात, माझी डोळ्यात,’ असं ती म्हणायची.

भाचीसाठी तरुणपणी सहा-सात स्थळं आली. बोलणी चांगली व्हायची, चहा व्हायचा, आणि आठवड्याभरात निरोप यायचा की यंदा आमचा विचार नाही. समोरचे दात जरा पुढे आहेत, त्याचंच हे सगळं, असं तिने ठरवून टाकलं आणि ओठ मिटून हसायला शिकली. पस्तिशीनंतर स्थळं यायची थांबली. कोणी त्याबद्दल बोललं नाही, तिनेही नाही.

बुधवारची कल्पना मॅडमची. त्या नव्या प्रमुख, वयाने काचताईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण कामाला वाघ. त्यांचं म्हणणं असं की काचा नुसत्या डब्यात जपून काय करायच्या; त्यातली माणसं कोण ते सांगणारी माणसंसुद्धा म्हातारी होत चालली आहेत, ती आहेत तोवर विचारून घ्या. मग दर बुधवारी दुपारी तीन वाजता वरच्या दालनात खुर्च्या मांडायच्या, दहा-बारा फोटो मोठे करून भिंतीवर लावायचे, शहरातल्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं, आणि जे चेहरे ओळखू येतील त्यांचं नाव एका पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून फोटोखाली डकवायचं. चहा-बिस्किटं संग्रहालयाची. पहिल्या बुधवारी पाच जण आले, महिन्याभरात खुर्च्या कमी पडू लागल्या.

त्यातले तीन खंदे वीर. पोस्टमनकाका माणसाला घरावरून ओळखायचे. टेलरकाका चेहऱ्याकडे बघतच नसत. कोटाची कॉलर बघून ‘हा माझ्या बापाच्या हातचा, म्हणजे धान्यवाले’ असं सांगत, आणि दहात आठदा बरोबर निघत. तिसऱ्या नर्सबाई. नगरपालिकेच्या दवाखान्यात त्यांची हयात गेली होती. अर्धं शहर त्यांच्या हातावर जन्मलं होतं, त्यामुळे त्या कोणालाही अरेतुरे करत. एकदा एका मिशाळ माणसावरून पोस्टमनकाका आणि टेलरकाकांचं चांगलंच जुंपलं. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली, कोणीच माघार घेईना. शेवटी नर्सबाई म्हणाल्या की हे दोघे एकच. दिवाळं निघाल्यावर त्याने नाव बदललं होतं. त्या दिवशी काचताई ओठ मिटायचे विसरून हसली.

नवव्या खोक्यात तिला सात काचा एकत्र बांधलेल्या सापडल्या. वरच्या कागदावर एकच शब्द होता, ‘माग’. एका लांब पत्र्याच्या शेडसमोर बाकांवर बायका बसलेल्या, मागे काही उभ्या, उघड्या दारातून हातमाग दिसतोय. सात काचा, सात वेगवेगळी वर्षं. कुठलीतरी विणकामाची शाळा असावी, असं तिला वाटलं. त्यातली सगळ्यात स्वच्छ काच तिने मोठी करून घेतली आणि पुढच्या बुधवारी भिंतीच्या मधोमध लावली. चौदा बायका होत्या. एवढ्यांतली एखादी तरी कोणाची मावशी-काकू निघेल, असा तिचा हिशोब होता.

त्या बुधवारी कोणी बोलेना. पोस्टमनकाकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. टेलरकाका म्हणाले, आज उजेड कमी आहे. बाकीचे दुसऱ्या फोटोंकडे वळले. नर्सबाई मात्र फोटोकडे न बघता काचताईकडे बघत होत्या. सगळ्यांचं असं अळीमिळी गुपचिळी झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. चहा यायच्या आधीच दालन रिकामं झालं.

खुर्च्या उचलताना जुन्या शिपायाने तिला सांगितलं, ती शेड विणकामाच्या शाळेची नाही, नदीपलीकडच्या महारोग्यांच्या वसाहतीची आहे. आता ती वसाहत बंद पडली होती, पण तेव्हा तिथे दोन-तीनशे माणसं असायची. हे ऐकून तिचं समाधान झालं. कोणाच्या घरातलं कोणी तिथे असेल, लाज वाटली असेल, म्हणून ही माणसं गप्प बसली, असा तिने अर्थ लावला. फोटो भिंतीवर लावायच्या आधी विचारायला हवं होतं, अशी स्वतःची चूकही तिने मॅडमकडे कबूल केली.

तरी ते खोकं तिला सोडवेना. उरलेल्या सहा काचा तिने एकेक करून साफ करायला घेतल्या. दरवर्षी बायका बदलत होत्या, काही नव्या येत होत्या, काही दिसेनाशा होत होत्या. एक मात्र सातही काचांत होती, आणि दरवेळी एकाच जागी, उभ्या रांगेत डावीकडून तिसरी. अंगावर शाल आणि हात शालीत घेतलेले. तिने आपली जागा कशी काय धरून ठेवली असेल, याचं काचताईला नवल वाटे. सातवी काच आडवी तडकलेली होती. तिसरीच्या कपाळापाशी चित्राचा थर सुटून कांद्याच्या पापुद्र्यासारखा वर आला होता. कोमट जिलेटिनचा पातळसा थेंब कुंचल्याच्या टोकाने त्याखाली सोडायचा, आणि पापुद्रा आपसूक बसेपर्यंत श्वास धरून थांबायचं, असं ते काम. दोन दिवस ती त्या चेहऱ्यावर भिंग धरून बसली होती. कपाळ बसलं. गालाचा नखाएवढा तुकडा आधीच गळून पडलेला होता, पाकिटातही सापडला नाही. ती जागा तिने तशीच कोरी ठेवली. नसलेलं भरायचं नाही, हा त्यांच्या कामाचा नियम.

त्यानंतरच्या बुधवारी पोस्टमनकाका आले नाहीत, आजारी असल्याचा निरोप आला. गुरुवारी सकाळी नर्सबाई एकट्याच जिना चढून आल्या, मध्ये दोनदा थांबत. तिच्या टेबलासमोर बसल्या, पाणी प्यायल्या. मग त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं.

“ती डावीकडून तिसरी,” त्या म्हणाल्या. “ती तुझी आई.”

काचताईने आधी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग शांतपणे, एखाद्या चुकलेल्या नोंदीची दुरुस्ती करावी तसं सांगितलं, “माझी आई मी चार वर्षांची असताना गेली.”

“गेली ना. तिकडे गेली.”

पुढचं सगळं नर्सबाईंनी खाली मान घालून सांगितलं. आईच्या पाठीवर आणि कोपराला चट्टे दिसले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. दवाखान्यात पहिल्यांदा ते नर्सबाईंनीच पाहिले होते. आठवड्याभरात तिला वसाहतीत नेलं. लेकीला दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासलं. गजकर्ण बघते असं सांगून तिची पाठ आणि दंड चाचपणारी बाई म्हणजे याच. पाच वर्षांनी आई बरी झाली, तसा कागदही मिळाला. ती एकदा घरी आली आणि त्याच दिवशी परत गेली. मग मागावरच राहिली. काचताई एकोणीस वर्षांची असताना ती तिथेच न्यूमोनियाने वारली. शहरात हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. गल्लीला माहीत होतं, शाळेच्या हेडबाईंना माहीत होतं, वखारीत माहीत होतं. एका पोरीपुरतीच ती झाकली मूठ होती.

“आणि ती स्थळं?” काचताईने विचारलं.

नर्सबाईंनी पाण्याचा रिकामा पेला बाजूला सरकवला. बाहेरगावचं स्थळ यायचं, इथे कोणाकडे तरी चौकशी करायचं, आणि कोणीतरी सांगायचं.

त्या गेल्यावर तिने सातही काचा उजेडाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. खालून दिवा लावला. कोपऱ्यातलं वर्ष बघायचं आणि तेव्हा आपण कुठे होतो ते आठवायचं, एवढंच ती करत राहिली. ही काढली तेव्हा मी पहिलीत. ही काढली त्या वर्षी मला गोवर आला. या वर्षी माझे दात पडून नवे आले. ही काढली तेव्हा मी बारावीला बसले होते. वसाहत नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की पाऊण तासाची वाट. आई नाही म्हणून ज्या वर्षी ती शाळेत निबंध लिहिताना रडली होती, त्या वर्षीच्या काचेत आई डावीकडून तिसरी उभी होती. पण तिला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दोन दिवस तो चेहरा तिच्या भिंगाखाली होता, नाकापासून वीतभर अंतरावर, आणि तिला काहीही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तर भूक लागली म्हणून तिने ते काम अर्ध्यावर टाकून डबा खाल्ला होता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने रोजच्यासारखा स्वयंपाक केला. आत्याच्या ताटात भात कालवला, ताट हातात दिलं, औषधाचे थेंब डोळ्यांत घातले. बोलली मात्र काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आंधळ्या माणसाला घरातली शांतता आवाजासारखी ऐकू येते. आत्याने पहिल्या दिवशी पाय दुखत असतील म्हटलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी बोललं का म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून ती म्हणाली, “कोणी सांगितलं तुला?”

“नर्सबाईंनी.”

“उशीरच केला तिने.”

मग आत्या बोलू लागली, आणि गयावया न करता बोलली. हे तुझ्या वडिलांनी ठरवलं नाही, मी ठरवलं, असं तिने आधीच सांगून टाकलं. त्या काळी पलीकडच्या गल्लीतल्या एका घरावर लोकांनी दगड मारले होते, त्या घरच्या दोन्ही मुलांची नावं शाळेतून काढली होती. चार वर्षांच्या पोरीला, तुझी आई अमुक ठिकाणी आहे पण कोणाला सांगू नकोस, असं सांगून चालतं का? गेली म्हटलं की विषय संपतो. वडील महिन्यातून एका रविवारी वखारीच्या कामाला म्हणून जात ते तिकडेच. कुंपणाच्या अलीकडे हे, पलीकडे ती. जाताना पोरीचं प्रगतिपुस्तक खिशात घालून नेत आणि दुसऱ्या दिवशी सही करून परत देत. काचताईला ते आठवलं. प्रगतिपुस्तक हरवलं म्हणून ती एकदा रडली होती, आणि सोमवारी ते दप्तरात सापडलं होतं.

“ती बरी होऊन घरी आली, तेव्हा मी कुठे होते?”

“घरातच. तुला ताप होता, झोपली होतीस. मी तिला आत घेतलं नाही. दारातून बघितलं तिने तुला. पाणी दिलं, ते प्यायली नाही.”

“ती बरी झाली होती, आत्या.”

“तिचे हात बघून कोणी मानलं असतं का? तुझं लग्न व्हायचं होतं.”

“झालं का?”

गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी ठिबकत होतं तेवढंच ऐकू येत होतं. मग आत्या म्हणाली, “नाही झालं. माझंही नाही झालं.”

हे तिने सहानुभूतीसाठी म्हटलं की हिशोब पुरा करायला, ते काचताईला तेव्हाही कळलं नाही, नंतरही नाही. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासून, ओटा पुसून परत आली, तरी आत्या तशीच बसलेली. ताटातला भात वाळला होता.

“फोटोत कशी दिसते?” आत्याने विचारलं.

उत्तर द्यायचं नाही, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण या जगात आईला जवळून ओळखणारं दुसरं होतं कोण? ती खाली बसली आणि सांगू लागली. उभी आहे, डावीकडून तिसरी. शाल घेतली आहे. हात शालीत आहेत. केस मागे बांधलेत. तोंड मिटलेलं आहे. आत्याने मध्येच तोडलं. ती मिटलेलं ठेवायचीच, म्हणाली, दात पुढे होते म्हणून. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो शाळेत. मीच तर तिला या घरात आणली, माझ्या भावासाठी. हसायला लागली की हाताने तोंड झाकायची, आणि हसू थांबायचं नाही तिचं. मास्तर दोघींना वर्गाबाहेर काढायचे. एवढं बोलल्यावर आत्या रडली. काचताईने तिला जवळ घेतलं नाही, आणि तिच्याजवळून उठलीही नाही.

पुढच्या आठवड्यात ती पोस्टमनकाकांकडे गेली. ते खरोखर आजारी नव्हते, दारातच खुर्ची टाकून बसले होते. तिला बघताच उठून उभे राहिले आणि बसायला तयार होईनात. त्यांनी सांगितलं की तिच्या आईची पत्रं यायची, वर्षाला तीन-चार, लेकीच्या नावाने. आत्या दारातच ‘नको’ म्हणायची, आणि ते पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत पाठवायचे. नियमच तो. असं तेरा-चौदा वर्षं चाललं. एकही पत्र त्यांच्याकडे राहिलं नव्हतं, आणि वसाहत बंद पडली तेव्हा तिथल्या ऑफिसातले कागद जाळून टाकले होते. आत काय लिहिलेलं असायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचं पाकीट त्यांनी कधी उघडलं नाही.

“अक्षर तेवढं आठवतं,” ते म्हणाले. “सुरुवातीला बारीक होतं, मोत्यासारखं. मग बोटं वळत गेली असतील. दरवर्षी मोठं होत गेलं. शेवटी शेवटी तुझं नाव अख्ख्या पाकिटावर मावायचं नाही, खालच्या ओळीत उतरायचं.”

तिने त्यांना माफ केलं का, असं त्यांनी विचारलं नाही. तुम्ही बुधवारी येत चला, खुर्ची रिकामी राहते, एवढंच ती त्यांना म्हणाली. ते पुन्हा कधी आले नाहीत.

मॅडमनी तो फोटो काढून ठेवू का म्हणून विचारलं तेव्हा काचताईने दोन दिवस मागून घेतले. प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. बाकीच्या तेरा जणींची घरंदारं याच शहरात होती, नातवंडांची लग्नं ठरायची होती. त्यांची नावं लिहायचा आपल्याला अधिकार नाही, हे तिचं मत पक्कं होतं. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून एक पांढरी चिठ्ठी घेतली. त्यावर आईचं नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं, खाली ‘विणकर’ असं लिहिलं, आणि ओळख सांगणाऱ्याच्या जागी आत्याचं नाव घातलं. आत्याला तिने आधी विचारलं होतं. आत्या म्हणाली होती, लिही, आता माझं कोण काय वाकडं करणार आहे.

चौदा बायका आणि एक चिठ्ठी, असा तो फोटो भिंतीवर राहिला. पहिल्या महिन्यात लोक त्याच्यासमोरून जरा भराभर जात. टेलरकाका एका बुधवारी फोटोजवळ गेले, बराच वेळ शालीची वीण बघत उभे राहिले, आणि बसलेल्या रांगेतल्या एकीवर बोट ठेवून म्हणाले, ही माझी चुलती, लिहा. नंतर दुसऱ्या शहरातून दोघी बहिणी आल्या आणि आपल्या आजीचं नाव सांगून गेल्या. एक गृहस्थ मात्र तावातावाने आले. त्यांनी कोणाकडे बोट दाखवलं नाही, पण हा फोटो उतरवा म्हणून मॅडमशी अर्धा तास भांडले. मॅडम बधल्या नाहीत. प्रदर्शन संपलं तेव्हा तीन चिठ्ठ्या झाल्या होत्या. अकरा जागा कोऱ्या राहिल्या, त्या अजूनही कोऱ्याच आहेत.

आत्या पुढे वर्ष-दीड वर्ष जगली. घरात दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. कधी काचताईच्या मनात यायचं, आत्याला एकटीला टाकून निघून जावं. आणि त्याच संध्याकाळी ती आत्याची नखं कापत बसायची. आईबद्दल ती थोडं थोडं विचारत राहिली. कधी आत्याला आठवायचं, कधी ती एकाच गोष्टीच्या दोन तऱ्हा सांगायची, आणि खरी कोणती ते ठरवायला दुसरं कोणी नव्हतं. शेवटच्या आजारात आत्याला तिनेच उचललं, धुतलं, कूस बदलून दिली. आत्या गेली तेव्हा ती रडली, आणि कोणासाठी किती रडतो आहोत ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ते दिवस उलटल्यावर ती नर्सबाईंना घेऊन नदीपलीकडे गेली. वसाहतीच्या जागी आता खतांचं गोदाम होतं. मागाच्या शेडचा पत्रा तेवढा तोच होता. गोदामाच्या रखवालदाराने त्यांना मागच्या बाजूला नेलं. तिथे गवतात सिमेंटचे छोटे दगड होते, पंचवीस-तीस, आणि त्यांच्यावर फक्त आकडे. कुठला आकडा कोणाचा ते सांगणारी वही कोणाकडेही नव्हती. रखवालदार म्हणाला, कोणी येत नाही इथे, मागे दोघी बहिणी येऊन गेल्या, त्यानंतर तुम्हीच.

त्या दोघी त्या दगडांतून हळूहळू चालत गेल्या. काही आकडे अजून वाचता येत होते, काही पार झिजले होते. काचताईने खाली बसून दोन-तीन दगडांवरची माती हाताने झटकली, मग हात आवरता घेतला. ऊन चढत होतं आणि नर्सबाईंचे गुडघे दुखत होते. त्यांना शेडच्या सावलीत बसवून तिने पाण्याची बाटली दिली. पुढची बस दुपारी सव्वा वाजता होती. ती येईपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या.